काँप्युटरचा झगा

आईनं जुनी हिरवी साडी फाडून काँप्युटरला झगा शिवला होता, तोही झालरीसकट. तिचंही चूक नव्हतं. पाऊस रुसलेला, चिकलठाण्यात आमच्या घराच्या तिन्ही अंगांना बांधकामं निघालेली आणि दुपारपर्यंत पोळपाटावरसुद्धा धूळ बसायची. टँकरच्या पाण्यात रोज फरशी पुसणं जमत नव्हतं, म्हणून आई दिसेल ती वस्तू झाकत सुटली होती. काँप्युटर चालू असला तरी झगा अंगावरच. समोरचा पडदा तेवढा उघडा.

त्या काँप्युटरवर माझी वहिनी टायपिंगची कामं करायची. ती देवगाव रंगारीची. लग्नानंतर औरंगपुऱ्यातल्या क्लासला जाऊन शिकली होती. आता कॉलेजच्या पोरांचे प्रकल्प घरी यायचे. आईला ते पसंत नव्हतं. उन्हाळ्यात काँप्युटर दुपारी आपोआप बंद पडायला लागला आणि तिला आयतं निमित्त मिळालं. "आणखी एकदा बंद पडला की भंगारात द्यायचा. मग हिनं घरातलं बघायचं," तिनं जाहीर केलं. दादानं पेपर उघडला. मी व्होल्टेजवर भाषण ठोकलं.

दुसऱ्याच दुपारी तो बंद पडला. वहिनीनं क्लासच्या सरांना फोन लावला, झगा काढला आणि ते सांगतील तसा काँप्युटरच्या डब्याचा पत्रा उघडला. आतला पंखा दिसतच नव्हता. त्याच्यावर धुळीचा जाड थर आणि थरात हिरवे धागे गुंतलेले. मागची भोकंही इतके दिवस झग्यानंच झाकलेली. वारा आत जायला वाटच नव्हती. यंत्र तापून बंद पडत होतं.

आई दारात उभी होती. वहिनीला एका वाक्यात सगळं वसूल करता आलं असतं. खोटं कशाला बोलू, मी त्याचीच वाट बघत होतो. वहिनीनं मात्र रंगाच्या कोरड्या ब्रशनं धूळ झाडली, पंख्याचं पातं बोटानं धरलं आणि सायकलच्या पंपानं हवा मारली.

"काय निघालं गं?" आईनं विचारलं.

"धूळ. लई धूळ हाय इथं, आई."

मला वहिनीचा रागच आला. आई पुढं झाली, वाकून त्या धाग्यांकडं बघत राहिली.

"धूळ नाय ती. माझी साडी हाय." मग झगा काखेत मारून म्हणाली, "चालू कर आता. संध्याकाळी ते पोरगं कागद न्यायला येणार हाय ना?"