यज्ञेश्वरांची पैनगंगा

यवतमाळच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या यज्ञेश्वरांनी आयुष्यात कुणाला चहाला बोलावलं नाही. चित्र दाखवायला मात्र रस्त्यावरून माणसं ओढून आणली. पैनगंगेचा काठ, एक डोंगा, पाण्यात बसलेल्या म्हशी. इंग्रजांच्या काळात दौऱ्यावरच्या एका साहेबाने ते जलरंगांत काढलं आणि बदली होताच आपल्या कारकुनाला, म्हणजे यज्ञेश्वरांच्या आजोबांना, देऊन टाकलं. घरात देवांच्या खालोखाल मान त्याचाच. दसऱ्याला पुस्तकांसोबत त्याचीही पूजा व्हायची. यज्ञेश्वर काचेवर, उजव्या कोपऱ्यात, कुंकवाचं ओलं बोट टेकवायचे.

धाकटी बहीण पद्मजा त्यांच्या डोळ्यांत सलायची ती या चित्रापायी. "चित्र पद्मीचं," असं वडील तोंडी सांगून गेले होते. यज्ञेश्वरांनी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, आणि ऐकलंच नाही असं ते आजवर सांगत आले होते. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसं, चिडायचेही तेच. बहीणभाऊ वर्षातून एकदा, दसऱ्याला भेटत आणि सोनं देऊन भांडत.

यंदा ती आली ती थेट चित्रासमोर उभी राहिली.

"हे झेरॉक्स लावलं वाटते तू, दादा. असल कुठं विकलं?"

"मी विकीन? बाबांची वस्तू?"

"तुझा काय भरवसा? काचेआड काहीही खपते."

यज्ञेश्वरांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी चौकट उतरवली, पकडीने मागचे खिळे उपटले, काच बाजूला केली आणि उघडा कागद पाटावर पुस्तकांशेजारी ठेवला.

"घे, पाहून घे. हात लावू नको."

ती वाकून बघत राहिली. तिला तशी वाकलेली बघून यज्ञेश्वरांना अगदी मनापासून बरं वाटलं. त्याच तोऱ्यात ते पूजेला बसले. घंटा वाजवली, पुस्तकांना कुंकू लावलं आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने ओलं बोट चित्राच्या उजव्या कोपऱ्यात टेकवलं.

कुंकू डोंग्यावरून पाण्यात पसरत गेलं. घाबरून त्यांनी उपरण्याचं टोक तांब्यात बुडवून खसाखसा पुसलं, तर म्हशींसकट नदीच उपरण्यावर उतरली.

पद्मजा उठली.

"पटलं मले," ती म्हणाली. "असलच होतं. आता ठेव तुझ्याचजवळ."