चावीवाल्याचा हात

माझ्या नोकरीत खुनाची प्रकरणं कमी आली नाहीत. बरीचशी आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला सुरा कुठल्या विहिरीतून काढला होता, हे विचारलं तर माझी पंचाईत होईल. नागपूरच्या त्या चावीवाल्याचं प्रकरण मात्र तारखेसकट डोक्यात बसलंय. त्यात मी फार शहाणपणा दाखवला म्हणून नव्हे. आधी मी चुकलोच होतो.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी शहराच्या कडेच्या एका ठाण्यात फौजदार होतो. आमच्या हद्दीत गटारांचं पाणी शुद्ध करायचं एक जुनं केंद्र होतं. इंग्रजांच्या काळातलं. लोक त्याला नुसतं ‘टाकी’ म्हणत. शहर वाढलं, मैलापाणी वाढलं, जुन्या टाक्यांना ते झेपेना, म्हणून शेजारीच नव्या टाक्या, नवे पंप, नवी पाइपलाइन असं काम एका कंत्राटदारानं सुरू केलं होतं. जुनं चालू ठेवून नवं जोडायचं होतं, त्यामुळे दोन्हीकडची माणसं एकाच आवारात वावरत आणि एकमेकांच्या पायात येत.

एका सकाळी अकराच्या सुमारास फोन आला की नव्या हौदात मजूर बुडाला. मी दोन शिपाई घेऊन गेलो. हौद पंधराएक फूट खोल. उमरेडकडच्या खेड्यातला एक तिशीचा मजूर आत एकटाच गिलावा करत होता. त्या हौदात उघडणाऱ्या नळाचं तोंड व्हॉल्व्ह लावून बंद ठेवलेलं होतं. अचानक पाणी सुटलं. वर चढायच्या लोखंडी कड्या शेवाळलेल्या नव्हत्या, पण ओल्या सिमेंटनं बरबटलेल्या होत्या. तो घसरला. कोणीतरी पळत जाऊन मागचा पंप बंद केला तोवर सगळं आटोपलं होतं. प्रेत बाहेर काढून खाटेवर ठेवलं होतं. मी पंचनामा केला, त्यात ‘व्हॉल्व्ह पूर्ण उघडा’ अशी नोंद घेतली आणि ठाण्यात येऊन मर्ग दाखल केला. आकस्मिक मृत्यू.

दुसऱ्या दिवशी टाकीच्या फाटकासमोरचा चहावाला आपण होऊन ठाण्यात आला. टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला.

“साहेब, तुम्ही अपघात लिहून राहिले म्हणते. अपघात नाही तो. चावीवाल्यानं पाणी सोडलं.”

“तुला कोण म्हणालं?”

“मले काहून कोणी म्हणावं? सारी टाकी जाणते. आठ दिवसाआधी त्यानं त्या पोराच्या कानाखाली वाजवली होती. ‘माह्या चावीले परत हात लावशीन तर पाण्यात सोडीन तुले,’ असं माह्या टपरीसमोर म्हणला.”

या चावीवाल्याची ओळख करून द्यायला हवी. मोठ्या नळांवरच्या व्हॉल्व्हला तिथं चावी म्हणत, आणि त्या चाव्या उघडणारा-बंद करणारा म्हणजे चावीवाला. पन्नाशी ओलांडलेला, काटक, कमी बोलणारा माणूस. त्याचा बापही त्याच कामावर होता. टाकीवर एक जुना दंडक होता, लेखी कुठंच नाही, पण पक्का: चाकाला हात फक्त चावीवाल्याचा. इंजिनिअर असो की मुकादम, ‘अमकी चावी बंद कर’ एवढं तोंडानं सांगायचं. त्या मजुरानं हा दंडक ठाऊक नसल्यानं एका जुन्या चाकावर ओला शर्ट वाळत घातला होता आणि वर गंमत म्हणून चाक थोडं फिरवलं होतं. त्यावरून ती थप्पड.

मी पुन्हा टाकीवर गेलो. दोन मजुरांना वेगवेगळं विचारलं, तर दोघांनी एकच सांगितलं. त्यातला एक रडतच बोलला.

“आम्ही बोंबलत होतो, साहेब. ‘पाणी, पाणी’ म्हणून. तो चाकापाशीच उभा होता. थांबला नाही. अजून जोरानं फिरवलं त्यानं!”

बस्स. यापुढे काय पाहिजे? भांडण आहे, धमकी आहे, डोळ्यांनी पाहणारे साक्षीदार आहेत. मी कलम ३०२ लावलं आणि त्याच दुपारी चावीवाल्याला अटक केली. माझे ठाणेदार खूश झाले. खरं सांगतो, मीही खूश झालो होतो. दोन दिवसांत खून उघडकीला आणला होता ना!

चौकशीत त्यानं पहिल्याच प्रश्नाला मला बुचकळ्यात टाकलं. मला वाटलं होतं, हा म्हणेल मी तिथं नव्हतोच. तो म्हणाला, “होतो. चावी मीच फिरवली.”

“का फिरवली?”

“बंद करायले.”

“बंद करायला? पाणी सुटलं आणि तू म्हणतोस बंद करायला?”

“हो. मी फेरीवर होतो. हौदात डोकावलो. तो खाली वाकून काम करून राहिला होता, अन् नळाच्या तोंडातून बारीक धार लागली होती. म्हटलं, आत माणूस हाय, चावी थोडी ढिली राहिली असन. कसून बंद करावं. म्हणून गेलो अन् फिरवली.”

“आणि लोक ओरडले तेव्हा?”

“मले वाटलं पाणी वाढलं. अजून कसली. चावी नवी हाय पण खराब हाय, साहेब. थांबवतच नाही पाणी.”

मी टेबलावर हात आपटला. कंत्राटदाराच्या तरुण इंजिनिअरनं व्हॉल्व्ह तपासून, तो उत्तम चालतो असं मला लेखी दिलेलं होतं. म्हणजे हा बेधडक खोटं बोलत होता. माझा हवालदार म्हणाला, “साहेब, माझ्याकडे द्या, तासाभरात खरं ओकंल.” मी दिला नाही, पण आवाज चढवण्यात मीही काही कसर ठेवली नाही. कोर्टातून पोलीस कोठडी घेतली होती. रोज तेच प्रश्न आणि रोज तीच उत्तरं. “मी बंद केली.”

त्याची बायको रोज महाल भागातून चालत यायची, भाकरी आणि वांग्याची भाजी घेऊन. ठाण्याच्या पायरीवर बसायची. एकदा मला म्हणाली, “साहेब, ह्यो रागीट हाय, मी नाही म्हणत नाही. माह्यावरही खेकसते. पण आत माणूस असताना पाणी सोडन? ह्यो? फाशी देतीन का वं त्याले?” शेवटचं वाक्य तिनं शेजारी बसलेल्या दुसऱ्या बाईला विचारलं, मला नाही. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि आत गेलो.

पण एक गोष्ट मला सलत होती. खोटं बोलणारा माणूस आपलं खोटं रोज थोडं सुधारतो. काल अडलेला सांधा आज गुळगुळीत करून आणतो. या माणसानं पाच दिवसांत एक शब्दही सुधारला नव्हता. शिवाय चाक फिरवल्याचं तो स्वतःहून सांगत होता. खुनी माणूस एवढा उदार का होईल?

सहाव्या दिवशी सकाळी मी त्याला कोठडीतून बाहेर काढून बाकावर बसवलं, चहा दिला आणि केसबद्दल काहीच विचारलं नाही. म्हटलं, “तुझं काम कसं असतं ते सांग. सकाळपासून.” त्याची कळी खुलली. हा माणूस एवढं बोलू शकतो हे मला माहीतच नव्हतं. सकाळी पहिली जाळीजवळची चावी उघडायची, मग मोठ्या टाकीची अर्धी, मग गाळाची बंद करायची. बोलता बोलता त्याचे हात हवेत चाक फिरवत होते. मी चहा पीत बघत होतो.

“गाळाची बंद कशी करतोस?” मी विचारलं.

“अशी.” हात डावीकडे फिरले.

“आणि जाळीजवळची?”

“तशीच. साऱ्याच.” पुन्हा डावीकडे.

माझ्या क्वार्टरमधला नळ मी रोज उजवीकडे फिरवून बंद करत होतो. तुम्हीही तसाच करता. मी कप खाली ठेवला आणि जीप काढायला सांगितली.

टाकीवर दोन पंच, तो तरुण इंजिनिअर, साक्षीदार मजूर, सगळ्यांना बोलावलं. आधी जुन्या चाव्या पाहिल्या. नऊच्या नऊ डावीकडे फिरवल्यावर बंद होत. कोण्या जुन्या साहेबानं तशा मागवल्या असतील, देव जाणे. नवी चावी उजवीकडे बंद होणारी. इंजिनिअर खाली बघायला लागला. त्यानं जुन्या चाकाला जन्मात हात लावलेला नव्हता. तिथला दंडकच तसा होता ना. आणि नवं चाक बसवल्यावर चावीवाल्याला दोन शब्द सांगायला कोणी गेलं नव्हतं. थप्पड झाल्यापासून कंत्राटदाराची माणसं त्याच्या वाऱ्याला उभी राहत नव्हती. चाकावर बाण नव्हता, कुलूप नव्हतं, आत माणूस उतरवताना चाकापाशी पहारा नव्हता.

मग रिकाम्या हौदाकडे पाठ करून चावीवाल्याला नव्या चाकापाशी उभं केलं. पंप चालू केला. चावी बंद होती. मी म्हटलं, “बंद कर.” त्यानं डावीकडे फिरवलं. हौदात पाणी धबाबा कोसळलं. आवाज ऐकला मात्र, त्यानं दात आवळून आणखी जोर लावला.

“असंच, साहेब!” तो मजूर ओरडला. “त्या दिवशी बी असंच!”

चावीवाला घामाघूम होऊन माझ्याकडे वळला. चेहऱ्यावर चक्क आनंद होता. “पाहा साहेब! मी म्हणत नव्हतो? खराबच हाय ही चावी!”

मी त्याला काही बोललो नाही. आधी इंजिनिअरचा आणि सुपरवायझरचा जबाब घ्यायचा होता. परत येताना जीपमध्ये तो शिपायांशी हसून बोलत होता.

पुढचं सगळं कागदाचं काम. खुनाचा पुरावा नाही म्हणून कलम १६९ खाली त्याला सोडायचं ठरलं. निष्काळजीपणाचा खटला कंत्राटदाराच्या सुपरवायझरवर भरला. ठाणेदार थोडे कुरकुरले, पण पंचनामा वाचून गप्प बसले. स्टेशन डायरीत नोंद केली, कागद हातात घेतला आणि मी स्वतः कोठडीकडे गेलो. शिपायाला पाठवता आलं असतं. पण मला ते तोंड बघायचं होतं. पेढे वाटायला निघाल्यासारखा मी गेलो, हे कबूल करायला हवं.

“बाबा, चला. सुटलात तुम्ही,” मी म्हटलं. सहा दिवस अरे-तुरे केल्यावर त्या दिवशी माझ्या तोंडून अहो-जाहो आलं. “तुमची काही चूक नाही. नवी चावी उलटी होती. डावीकडे फिरवली की उघडायची. तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.”

तो उठून दारापर्यंत आला होता. तिथंच थांबला. आपल्या हातांकडे पाहिलं, आणि हळूच एक हात हवेत डावीकडे फिरवला. मग दुसरा.

“म्हणजे चावी खराब नव्हती?”

“नव्हती.”

“म्हणजे त्याले मीच बुडवलं.”

“तुम्ही बंद करायला गेला होतात, बाबा. चूक त्या लोकांची...”

“ते बोंबलत होते अन् मी अजून...” तो मागे सरकला आणि कोठडीच्या भिंतीला टेकून खाली बसला. “साहेब, तुम्ही मले खुनी म्हणत होते तवा मले झोप लागे. मले माहीत होतं ना, मी बंद केली म्हणून. आता काय करू, बाप्पा?”

दार सताड उघडं होतं आणि माणूस बाहेर यायला तयार नव्हता. “राहू द्या मले इथंच,” म्हणाला. पस्तीस वर्षांच्या नोकरीत असं मला दुसऱ्या कोणी म्हटलेलं नाही. मी त्याच्याशेजारी जमिनीवर बसलो. वर्दीत कोठडीच्या फरशीवर बसायचं नसतं, पण बसलो. हवालदार बघत होता, बघू दे म्हटलं.

पुढं मी नव्या फौजदारांना शिकवायचो, तेव्हा हे प्रकरण सांगत असे. आरोपीला बोलतं करायचं असेल तर त्याच्या कामाबद्दल विचारा, त्याच्या हातांकडे बघा, सोपं दिसणारं ३०२ आधी उलटंपालटं करून पाहा, असं सगळं सांगायचो. पोरं वहीत उतरवून घ्यायची. शेवटचा भाग मात्र मी कधी सांगितला नाही. लाज वाटायची. खरं शोधून काढलं की आपलं काम संपलं, अशी माझी समजूत होती, आणि ते खरं मी कसलाही विचार न करता त्या माणसाच्या अंगावर टाकून मोकळा झालो होतो. बायकोला आत बोलावून, तिच्यादेखत, जरा सावकाश सांगता आलं असतं. एवढं सुचायला हवं होतं.

अर्ध्या-पाऊण तासानं मी त्याला दंडाला धरून बाहेर आणलं. बायको पायरीवरून धडपडत उठली, डबा तिथंच राहिला.

“सुटला ना, साहेब? खरंच सुटला ना ह्यो?”

मी “हो” म्हणालो. ती हसत, रडत, त्याचे दोन्ही हात धरून डोळ्यांना लावत होती, आणि तो ते तिच्या हातांतून सोडवून घ्यायला बघत होता.