भोंग्याच्या रिक्षातले काका

मंगळवार पेठेत मी टेलरिंगचं दुकान टाकलं तेव्हा भारनियमनाचे दिवस होते. मी यवतमाळकडचा, सातवीतच शाळा सुटलेला. इथं ओळखीचं कुणी नव्हतं. दिवाळीपर्यंत जम बसला नाही तर मशीन उचलून गावी परतायचं, एवढंच ठरलेलं.

रोज भोंगा लावून जाहिरातीची रिक्षा फिरवणाऱ्या काकांना एकदा थांबवलं. केबलच्या आणि पत्रकांच्या जाहिरातींचं कामही तेच घ्यायचे. एक मजकूर दिला. हाच रिक्षात बोला, हाच केबलच्या पट्टीवर आणि पेपरातल्या पत्रकावर टाका म्हटलं. फक्त मी परगावचा आहे हे सांगू नका. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि गल्ली दणाणेल असे हसले.

"पावणं, माणूस एकच हाय की! सकाळी पेपर वाचतोय, दुपारी रिक्षा ऐकतोय, रातच्याला टीव्ही बघतोय. तिन्हीकडं त्येच सांगितलासा तर कटाळंल त्यो!"

त्यांनी पत्रकामागे भारनियमनाचं वेळापत्रक छापलं, म्हणजे कागद घरात टिकेल. केबलवर मालिकेच्या वेळी फक्त 'ब्लाउज एका दिवसात' आणि शेजारच्या दुकानाचा फोन. रिक्षातून मात्र नको म्हटलेलंच ओरडले, "यवतमाळचं पावणं आलंय, एकटंच हाय, कापडं शिवतंय झ्याक!"

लाजेनं मी शटर अर्धं ओढलं.

संध्याकाळी एक मावशी खाली वाकून आत आल्या. ब्लाउजपीस टेबलावर ठेवायच्या आधीच विचारलं, "एकटंच ऱ्हातायसा न्हवं? जेवलासा का?"

गाव सोडल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं. काकांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मशीन अजून इथंच चालतंय.