दुबईचा निकाल, शारजाचं कोर्ट

मंगेश गेल्याचा फोन बिल्डिंगच्या वॉचमनचा आला. "साब, आपके वकीलसाब..." शारजातल्या अल नहदा भागात आम्ही इतकी वर्षं एकाच मजल्यावर राहिलो, आणि मी कामावरून धावत पोचेपर्यंत त्याला नेलंसुद्धा होतं. आता सहा आठवडे झाले. अजून खरं वाटत नाही.

मंगेश पुण्याचा एलएलबी. इथे एका अरब वकिलाच्या ऑफिसात दाव्यांचे कागद तयार करायचा. वादात हरणं त्याला ठाऊकच नव्हतं. भांडण पार्किंगचं असो की आमटीत गूळ घालण्याचं, त्याच्याकडे कुठल्यातरी कोर्टाचा निकाल तयार. मी त्याला चालतंबोलतं हायकोर्ट म्हणायचो.

मग २००८ ची मंदी आली. पुढच्या वर्षी आमची शारजातली कंपनी बुडाली, मालक परागंदा झाला, आणि मॅनेजर म्हणून सह्या माझ्या, त्यामुळे कोर्टानं माझा पासपोर्ट ठेवून घेतला. त्यातच पुण्याहून कळलं, बाबांचं काही खरं नाही, लगेच निघ. एक वाट होती. दुसऱ्या कोणी जामीन म्हणून स्वतःचा पासपोर्ट जमा केला असता, तर माझा सुटला असता. ऑफिसातले रत्नागिरीचे युसुफभाई त्याला तयारही होते.

मंगेशनं अडवलं. "कुणाचे उपकार कशाला घेतोस? कंपनीतर्फे सही करणारा मॅनेजर जबाबदार नाही, असा दुबईच्या वरच्या कोर्टाचा निकालच आहे. खलास." भारतात कायदा शिकलेल्या माणसाचीच ही चूक. सगळ्यात वरच्या कोर्टानं एकदा म्हटलं की देशभर सगळ्यांनी मान डोलवायची, हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं. अर्ज आणि तारखांत तीन आठवडे गेले. न्यायाधीशांनी कागद बाजूला सारला. दुबईची कोर्टं दुबईची, शारजाची अमिरातींच्या संघराज्याची. तिथला निकाल इथे बंधनकारक नाही. मंगेशचा चेहरा पांढराफटक पडला. त्याच दुपारी त्यानं स्वतःचा पासपोर्ट जमा केला. माझा माझ्या हातात पडला तेव्हा बाबांना जाऊन दोन दिवस झाले होते.

परत आल्यावर तो भेटायला आला. मी म्हणालो, "तुझा निकाल बरोबरच होता रे, कोर्ट तेवढं चुकलं." टोमणा वर्मी लागला. त्यानंतर आम्ही बोलत होतो, दिवाळीला फराळाची ताटं जात-येत होती. माझा राग दोनेक वर्षांत विरलाही. पण ते मी त्याला कधी सांगितलं नाही. कळलं असेल, असं धरून चाललो. तो मात्र वाद घालेनासा झाला.

बाबांच्या श्राद्धाला मी त्याला दरवर्षी जेवायला बोलवायचो. दरवर्षी त्याचं काहीतरी काम निघायचं. माझ्या बाबांसाठी याला तासभर काढता येत नाही, म्हणून मी मनातल्या मनात चिडायचो.

परवा मंगेशच्या पत्नी, भारतीवहिनी म्हणाल्या, "भावजी, एक सांगू? तुमच्या बाबांच्या तिथीला हे दिवसभर जेवायचे नाहीत. तुम्हाला कळू द्यायचं नाही, अशी मला शपथ घातली होती."

पुढच्या महिन्यात तिथी आहे. इतक्या वर्षांत एकदा तरी त्याचा हात धरून म्हणायला हवं होतं... मंगेश, झालं ते झालं. चल, पान वाढलंय, जेवून घे.