तळ्यावरचं तिसरं भोक

कल्पना करा, जानेवारीतली सकाळ आहे, पारा शून्याखाली अठरा अंशांवर गेलाय आणि गोठलेल्या तळ्यावर तुम्ही एकटे उभे आहात. हातात मनगटाएवढं जाड गिरमिट. ते बर्फावर उभं धरायचं, वरच्या मुठीवर छातीचा भार टाकायचा आणि आडवा दांडा फिरवत राहायचं. पांढरा भुगा बुटांभोवती साचत जातो. मग एकदम हाताला लागणारा जोर संपतो आणि गिरमिट खाली सटकतं. ते काढून टोकाशी वाकवलेली मोजपट्टी भोकात सोडायची, वाकडं टोक बर्फाच्या खालच्या अंगाला अडकवायचं आणि जाडी वाचायची. बांधावर चाळीसेक माणसं खांद्यावर स्केट टाकून तुमच्या तोंडाकडे बघत असतात. बारा सेंटीमीटरच्या वर असेल तर मान हलवायची. तुम्ही मान हलवली की ती सगळी खाली उतरणार.

आमच्या ओल्शिना गावात हे काम वेंदेलीन ह्रुबेश यांनी सात हिवाळे केलं. तेव्हा ते विशीत होते, ब्रशच्या कारखान्यात टर्नर होते आणि ते गिरमिट त्यांनी स्वतःच लेथवर बनवलं होतं. आज ते ब्याऐंशी वर्षांचे आहेत. गाव त्यांना वेंदा म्हणतं, आम्ही पोरं वेंदाकाका.

आमच्या आइस हॉकी संघाची सुरुवातही ब्रशच्या कारखान्यातच झाली, १९३५ साली. बर्फाचं मैदान विकत घेण्याची कुणाची ऐपत नव्हती, पण गावाबाहेर माशांचं तळं होतं आणि हिवाळ्यात ते फुकट गोठायचं. गोलकीपरच्या पायांवरच्या गाद्या कामगारांच्या बायकांनी शिवल्या आणि आत ब्रशसाठी आणलेले घोड्याचे केस भरले. त्या ओल्या झाल्या की कपडे बदलायच्या खोलीत तबेल्याचा वास यायचा. संघ जिल्ह्याच्या शेवटच्या गटातून कधी वर गेला नाही. एकदा, १९६६ मध्ये, दुसरा आला, त्याचा फोटो अजून खानावळीत लावलेला आहे.

एक नियम मात्र कडक होता. सामन्याच्या दिवशी सकाळी तीन भोकं पाडायची: एक मधोमध, एक लव्हाळ्याच्या बेटाकडच्या गोलपाशी, एक बांधाकडच्या गोलपाशी. तिन्ही जाड्या मेणकापडी वहीत लिहायच्या आणि खाली सही. सही नसेल तर खेळ नाही.

९ जानेवारी १९७१, शनिवार. शेजारच्या गावाचा संघ आला होता. दुपारी सव्वादोन वाजता, खेळाचा दुसरा भाग चालू असताना, बांधाकडच्या गोलपुढे पाच-सहा जण एकमेकांवर कोसळले आणि त्यांच्याखालचा बर्फ एका अखंड तुकड्यात खाली गेला. बाकीच्यांना हॉकीच्या काठ्या पुढे करून ओढून काढलं. गोलकीपर लुमीर कोत्रबा वर आला नाही. घोड्याच्या केसांच्या गाद्यांनी पाणी पिऊन घेतलं होतं. तो बावीस वर्षांचा होता.

चौकशी झाली. तळ्याच्या राखणदाराला बांधातली पाणी सोडायची मोरी दुरुस्त करायची होती, म्हणून त्यानं त्याच दिवशी मोरीच्या पाणी अडवणाऱ्या दोन फळ्या काढल्या होत्या आणि तळ्याचं पाणी वीतभर उतरलं होतं. मधला बर्फ पाण्याबरोबर खाली बसला. बांधाजवळचा बर्फ मात्र काठाला घट्ट धरून तसाच राहिला, खाली नुसती हवा. पाण्यावर टेकलेला चौदा सेंटीमीटर बर्फ अख्खा संघ पेलतो, हवेत लोंबणारा पेलत नाही. फळ्या काढताना हॉकीवाल्यांना कळवावं असा नियम नव्हता. वहीत तीन जाड्या होत्या, सही होती. कुणावर दोष आला नाही.

त्यानंतर संघ तळ्यावर खेळला नाही. वेंदाकाकांनी शाळेच्या मैदानावर पाइपनं पाणी मारून थरावर थर चढवत बर्फ तयार करायला सुरुवात केली आणि चाळीस हिवाळे ते करत राहिले. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, इथं का मोजत नाही तुम्ही? ते म्हणाले, "याच्याखाली जमीन आहे." पुढे हिवाळेच मऊ झाले. आता आम्ही बसनं बावीस किलोमीटरवरच्या छताखालच्या मैदानावर जातो आणि तिथे हरतो.

मी त्याच कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग्ज काढतो आणि संघात तिसऱ्या फळीत डावीकडे खेळतो. यंदा संघाला नव्वद वर्षं झाली. कप्तान रादिमनं सरावानंतर माझ्याकडे बोट केलं.

"इतिहासाचं पुस्तक तू लिही."

"मीच का?"

"तुला टाइप करता येतं. शिवाय बाकावर बसून तुला वेळ भरपूर मिळतो."

मेणकापडी वही मला संघाच्या कपाटात सापडली. तिच्यात एकसष्ट सामन्यांच्या जाड्या होत्या. सवयीनं मी त्या संगणकात भरल्या आणि आलेख काढला. बांधावर उंच झाडं आहेत, त्यांच्या सावलीमुळे बांधाकडचा बर्फ कायम जास्त जाड: कधी एक सेंटीमीटर, कधी दोन. साठ सामन्यांत असंच. एकाच सामन्यात दुसरा आणि तिसरा आकडा तंतोतंत सारखे होते. चौदा, साडेचौदा, साडेचौदा. तारीख ९ जानेवारी १९७१.

मला वाटलं, त्या दिवशी बर्फात काहीतरी वेगळं घडत होतं आणि ते मी शोधून काढलंय. उत्साहानं मी आलेख घेऊन गुरुवारी वेंदाकाकांकडे गेलो. ते अंगणात लाकडं रचत होते. त्यांनी चष्मा लावला, कागद बराच वेळ धरून ठेवला.

"गोल मारताना एवढं लक्ष दिलं असतंस तर आपण एखादा सामना जिंकलो असतो," ते म्हणाले.

मी हसलो. ते हसले नव्हते.

"पुस्तक छापायला कधी जातंय?"

"सोमवारी."

त्यांनी हातातलं लाकूड खाली ठेवलं. "तिसरं भोक मी पाडलंच नाही. दोन पाडली. पाय बधिर झाले होते. सूप तयार होतं. म्हटलं, तिकडे नेहमी जास्तच असतं, आणि दुसऱ्या भोकाचाच आकडा परत लिहिला."

चौकशीत त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आकडे होते, सही होती.

मी म्हटलं, "काका, पुस्तकात दुरुस्त करू या. एक ओळ घालतो. तुमच्यावरचं ओझंही उतरेल."

"माझं ओझं?" त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "माझं असतं तर केव्हाच उतरवलं असतं. उद्या चार वाजता ये. आपल्याला द्राहाकडे जायचंय."

द्राहोमिरा म्हणजे लुमीरची मोठी बहीण. ती तळ्याकाठच्या खानावळीत तीस वर्षं स्वयंपाकीण होती. आता ती चौऱ्याऐंशीची आहे. आम्ही गेलो तेव्हा ती ओट्याशी उकडलेले बटाटे सोलत होती. तिनं सुरी न थांबवता खुर्च्यांकडे मान केली.

"वेंदा, आज शुक्रवार. नाताळ अजून लांब आहे. मासा आणलायस की काय?"

वेंदाकाका दर नाताळाला तिला एक कार्प मासा नेऊन देतात, साफ करून, कागदात गुंडाळून. सगळ्या गावाला माहीत आहे.

"मासा नाही," ते म्हणाले. टोपी त्यांनी गुडघ्यावर ठेवली. "द्राहा, त्या दिवशी बांधाकडच्या गोलपाशी मी भोक पाडलं नव्हतं. आकडा असाच लिहिला."

सुरी थांबली. ती पाठमोरीच होती. भांड्यातून वाफ निघत होती.

"का नाही पाडलंस?"

"थंडी होती."

"थंडी तर रोजच असायची." ती वळली. "किती वाजता?"

"आठ. आठ वाजून गेले होते."

ती हळूच स्टुलावर बसली. तिनं अर्धा सोललेला बटाटा मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी बांधावर आले होते. एप्रन घालूनच. मी ओरडले, वेंदा, ये लवकर, सूप गार होतंय, मी काही दोनदा तापवणार नाही."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की काल अंगणात ते माझ्याकडे असे का बघत होते.

"आतड्यांचं सूप होतं," ती म्हणाली. "शनिवारी तेच असायचं."

"हाक तू मारलीस, आकडा मी लिहिला. या दोन गोष्टी एक नाहीत, द्राहा."

"म्हणून चोपन्न वर्षं गप्प बसलास?"

"हो."

"आणि मासे आणत राहिलास."

"हो."

"मला कार्प आवडत नाही, वेंदा. काटेच काटे. दरवर्षी मी तो शेजारणीला देते." तिनं मांडीवरचा बटाटा उचलून ओट्यावर ठेवला. "मला वाटायचं तू लुमीरसाठी आणतोस. मी नाही कशी म्हणणार?"

मग तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "तू काय लिहिणार आहेस?"

"तिसरी जाडी मोजलेली नव्हती, एवढंच."

"हाकही लिही."

"हाक लिहायची नाही," वेंदाकाका एकदम म्हणाले.

"भाऊ माझा होता. हाक माझी होती. तू कोण सांगणारा?"

"मी त्यासाठीच तर गप्प..."

"तू गप्प बसायचं ठरवलंस, मला न विचारता. आता लिहायचं की नाही ते मी ठरवीन." ती उठली, हात पुसले आणि त्यांच्यापुढे कॉफीचा कप जरा जोरातच ठेवला. "पी. गार होईल."

ते वाक्य तोंडातून गेल्यावर दोघांनीही माना खाली घातल्या.

पुस्तकात दोन्ही छापलं आहे. एक ओळ जाडीची, एक हाकेची, त्याखाली वेंदाकाकांची नवी सही. नव्वद वर्षांच्या समारंभाला ती दोघं शेजारी बसली होती. रादिमनं लुमीरचं नाव वाचलं तेव्हा सगळे उभे राहिले. काका उभे राहू शकले नाहीत, द्राहामावशीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तीही बसून राहिली.

पण त्याआधी, त्या शुक्रवारी परत येताना, काकांनी मला एक काम सांगितलं होतं. "तू शिकलेला आहेस. तिसरं भोक पाडलं असतं तर मला काही दिसलं असतं का, हिशोब करून बघ." मी केला. तळं दोन हेक्टरचं. मोरीच्या फळीची रुंदी जुन्या नकाशात मिळाली. दोन फळ्या काढल्यावर वीतभर पाणी उतरायला सात-आठ तास लागतात, बोटभर उतरायला तासाच्या आत. म्हणजे फळ्या सात वाजता निघाल्या असतील, तर आठ वाजता बांधाजवळच्या बर्फाखालचं पाणी उतरू लागलं होतं. गिरमिट आरपार गेल्यावर भोकात पाणी नेहमीएवढं चढलं नसतं आणि काकांना ते दिसलं असतं. फळ्या नऊ वाजता निघाल्या असतील, तर तिसरं भोक पाडूनही त्यात काहीच दिसलं नसतं. पाणी नेहमीसारखं वर आलं असतं, जाडी सोळा भरली असती आणि त्यांनी तशीच मान हलवली असती.

राखणदाराच्या जबाबाची नक्कल जिल्ह्याच्या दफ्तरात आहे. मी जाऊन वाचली. तो लिहितो, फळ्या मी सकाळी काढल्या. तो माणूस १९८८ मध्ये वारला. त्याच्या मुलीला काकांनी पत्र लिहिलं, तिचं उत्तर आलं की वडील त्या दिवसाबद्दल घरात कधी बोलले नाहीत.

मी हे सगळं एका कागदावर मांडून काकांना दिलं. त्यांनी हिशोब ओळीनं तपासला, एके ठिकाणी माझी बेरीज सुधारली. मग जबाबातल्या त्या शब्दावर बोट ठेवलं. समारंभ होऊन दोन महिने झाले. रस्त्यात भेटले की अजूनही ते मला थांबवतात, इकडचं तिकडचं बोलतात आणि निघताना तेच विचारतात, जणू माझ्या हाती काहीतरी नवीन लागलं असेल: "सकाळी म्हणजे किती वाजता?"