माहेरच्या कणगीत उतरले ती दुपार

झाकण वरून कोणीतरी दाबत होतं. मी धान्याच्या कणगीच्या तळाशी बसलेली, दोन्ही हातांनी ते वर ढकलत होते आणि ते जरासुद्धा हलत नव्हतं. ओरडायला तोंड उघडलं तर तोंडात भाताचा तूस शिरला. थुंकला, पुन्हा शिरला... कोणी मुठीने कोंबावा तसा.

दुपारचे बारा वाजले असतील. बाहेर ओट्यावर माझी धाकटी बहीण इंदू भांड्यांची पोती बांधत टेम्पोवाल्याशी बोलत होती. तिचा आवाज मला येत होता. माझा तिला जात नव्हता.

मी चौथी शिकलेली बाई. करणी, झपाटणं असलं कधी मानलं नाही, मानणाऱ्यांना तोंडावर हसले. माझी सून म्हणाली, मोबाईलवर इथे लोक असलं लिहितात, तुम्हीही लिहा. म्हणून लिहिते.

घर माझ्या माहेरचं, भाटघर धरणाच्या कडेला एका वाडीत. मागच्या वर्षी भाऊ गेला, यंदा दिवाळीनंतर त्याची बायको. मूलबाळ नव्हतं. छप्पर पुढचा पावसाळा काढणार नव्हतं, म्हणून आम्ही दोघी बहिणी घर रिकामं करायला गेलो. भोरहून टेम्पो सांगितला होता.

आमच्याकडे रीत अशी, लग्न करून दिलेल्या लेकीने माहेरच्या कणगीत हात घालायचा नाही. भात काढायचं ते घरच्या सुनेने. तिने पदरात घालावं, लेकीने न्यावं. वहिनीने हा नेम चाळीस वर्षं माझ्यावर चालवला. मला दारात उभं ठेवायची आणि पोचट भात घालायची. इंदूला मात्र चांगलं द्यायची. इंदू तिची लाडकी. माझं तिचं कधी पटलं नाही. तिच्या मयताला मी रडले नाही, खोटं कशाला सांगू?

कणगी बांबूची, शेणाने सारवलेली, छातीएवढी उंच. दारातून निघेना, म्हणून फोडायची ठरली. पण तळाला थोडं भात होतं, ते आधी काढायला हवं होतं.

इंदू म्हणाली, "आक्के, तू नगं उतरू. आधी हळद-कुंकू वाहू, वैनीची माफी मागू. मग टेम्पोवाल्याला उतरवू."

"मेलीय ती. मेलेल्याची कसली माफी?"

"तुजं तोंड लई वाईट हाय." हसली आणि बाहेर गेली.

झाकण मी स्वतः भिंतीला टेकवलं. स्टुलावर चढले, लुगडं खोचलं आणि चपलांसकट आत उतरले. खाली भात होतं, टपोरं, स्वच्छ. तूस नावाला नव्हता. दोन सुपं भरली असतील, आणि अंधार झाला.

श्वास संपत आला तेव्हा मी वहिनीला शिवी दिली. मनातच, कारण तोंड भरलेलं होतं. माफी मागितली नाही.

एकदम वरचा भार गेला. मी उठून उभी राहिले. झाकण भिंतीला टेकलेलं होतं, ठेवलं होतं तसंच. तोंड मोकळं, ओठाला एक कण नाही. खोलीत कोणी नाही.

बाहेर टेम्पोवाला विचारत होता, "मावशी, काय झालं? ओ मावशी..." मला वाटलं, मलाच विचारतोय.

इंदू पोत्यावर आडवी पडली होती. तोंड उघडं, तुसाने गच्च भरलेलं. मी बोटं घालून काढत राहिले, तो येतच राहिला. टेम्पोवाला म्हणाला, बोलता बोलता मध्येच थांबल्या. ओट्यावर भांड्यांशिवाय काही नव्हतं.

भोरच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, पाखडत होत्या का? नाही म्हटलं.

भावकी म्हणते, वहिनीच होती. असेल. मग तिने इंदूला का धरलं? तिचं वाकडं माझ्याशी होतं, नेम मी मोडला, शिवी मी दिली. मी रोज विचार करते.

कणगीत मी होते. मेली इंदू. मी जिवंत आहे.