आईचं इंग्रजी भजन

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. शैलापाशीसुद्धा नाही — आणि बायकोपासून माझं काय लपतं म्हणता? चहात चोरून टाकलेली साखरसुद्धा लपत नाही. पण हे लपलं. आमच्याकडे पाहुणे आले, जेवणं झाली, की कुणीतरी म्हणतंच, ते आजीचं इंग्रजी भजन सांगा ना! मग मी सांगतो. चांगलं रंगवून सांगतो. सगळे पोट धरून हसतात, मीही हसतो. पण ती गोष्ट तशी घडलेली नाही. कशी घडली ते तुम्हाला सांगतो — बसा जरा.

सत्तर सालानंतरचे दिवस. मी कॉलेजात होतो. दिलीप नावाचा माझा मित्र, त्याचा थोरला भाऊ अमेरिकेत शिकायला गेलेला. त्यानं आणलेल्या रेकॉर्डींपैकी एक दिलीपनं मला दिली. गाणारी एक गोरी पोरगी. नाव घेत नाही, आमच्या घरात ते कधी कुणाला धड उच्चारता आलंच नाही. रेकॉर्ड नागपूरला पोचली तेव्हा ती मरूनही गेली होती, तिशीसुद्धा न पाहता. दारू, नशा, सगळं झालं होतं म्हणे. आणि आवाज? जात्यात खडा आल्यासारखा. मागे गिटारी कल्ला करतायत आणि ही बाई गळा फाडून रडतेय, मधेच हसतेय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला घाम फुटला. दुसऱ्यांदा डोळे भरून आले. का ते आजही सांगता येत नाही.

आमचे बाबा नागपूरबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात मुनीम. घरातला रेकॉर्ड प्लेअर त्यांनी अभंगांसाठी घेतलेला. सिनेमाचं गाणंसुद्धा त्यावर चालत नसे. एक दिवस ते लवकर घरी आले आणि मी सापडलो. काय लावून राहिला हे, म्हणाले. मी काय म्हणालो असेन?

म्हणालो, "भजन आहे. अमेरिकेतलं."

एवढी ओरडून काहून राहिली ती, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, त्यांच्याकडे देवाला असंच हाकारतात. बाबांना ते पटलं, कारण इंग्रजी येणारा घरात मी एकटा. ते हातपाय धुवायला गेले. मनात म्हटलं, सुटलो — पण स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती, पिठाच्या हातांनी. खाप्याकडच्या खेड्यातली शेतकऱ्याची मुलगी, चौथी शिकलेली. गाणं संपेपर्यंत हलली नाही. मग म्हणाली, पुन्हा लाव.

काय म्हणते ती, आईनं विचारलं. मी ठोकून दिलं — देवाला म्हणते, मला टाकून जाऊ नको. खरं तर ती हे एका पुरुषाला म्हणत होती, तेही पिऊन. जिवंत आहे का? नाही, गेली, तरुणपणीच. आईनं पिठाचे हात पदराला पुसले. मग म्हणाली, असे जीव फार दिवस राहत नाहीत, बापू.

झालं. आमच्याकडे दर गुरुवारी गल्लीतल्या बायकांचं भजनी मंडळ बसायचं, आणि आपल्याकडचं भजन म्हणजे खंजिरी आलीच. पुढच्याच गुरुवारी आईनं आरतीआधी रेकॉर्ड लावली. तारा काकू म्हणजे मंडळाची पुढारीण. बाई कडक, ताल चुकला की मांडीवर चापट मारायची. तिनं दोन ओळी ऐकल्या आणि गाणारीचा श्वास संपतो तिथं बरोब्बर खंजिरी घातली. मागे बाकीच्यांच्या टाळ्या. अहो, इतकं बसलं ते, की मी आतल्या खोलीत उशीत तोंड खुपसून हसलो. गोरी माय, असं नावही पडलं तिचं. कुणाचं पोर आजारी असलं की एरवीसुद्धा येऊन बायका म्हणायच्या, गोरी मायचं लाव वं जरा.

हसू किती दिवस टिकलं असेल? हळूहळू मला वाटायला लागलं, या बायकांना ती माझ्यापेक्षा जास्त ऐकू येते.

मग मला नोकरी लागली आणि शैलाचं स्थळ आलं. तिचे वडील कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. मुलगी पसंत होती — मला तर फारच पसंत होती. ते आमचं घर पाहायला आले, तो नेमका गुरुवार. उन्हाळा, खिडकीला वाळ्याची ताटी, बायका दाटीवाटीनं बसलेल्या. आईला वाटलं, इंग्रजीचे मास्तर आलेत, यांना आपलं इंग्रजी भजन ऐकवू. मी उठून थांबवायला हवं होतं. मी पोह्यांची बशी धरून बसलो.

सरांनी ऐकलं. तोंडावर रुमाल धरला. मग अगदी सभ्यपणे विचारलं, "आई, हे भजन आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. घाबरून नाही हो — कौतुकानं. माझा मुलगा सांगेल, असं.

आणि मी म्हणालो, "आईचाच काहीतरी घोटाळा झाला, सर. तिला कुठं इंग्रजी येतं!" आणि हसलो.

तारा काकूचा हात खंजिरीवर तसाच राहिला. आई माझ्याकडे पाहत होती. मग सरांकडे वळून म्हणाली, "हो जी, माह्याच डोक्यात काहीबाही बसलं."

लग्न ठरलं. संसार छान झाला, खोटं कशाला बोलू? शैला गुणाची, मुलं मार्गाला लागली, मी सुखी आहे. ती रेकॉर्ड अजून घरात वाजते. माझी नात त्या गाण्यावर हातानं ठेका धरते, कॉलेजची पोरं येतात आणि विचारतात, काका, ही कोण? पन्नास वर्षांनी! तिचा आवाज काही म्हातारा होत नाही. आई आता नाही. तिच्यावर हसणं मात्र चालू आहे, आणि सुरुवात दर वेळी मीच करतो.

आता पुढचं. हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नाही. त्या दिवशी सर गेल्यावर संध्याकाळी आईनं मला एवढंच विचारलं — खरं काय म्हणते ते पोरगी? मी तिच्याकडे न पाहता सांगून टाकलं. तिनं ऐकलं आणि कणीक भिजवायला घेतली.

पुढच्या गुरुवारी मंडळ बसलं. मी आतल्या खोलीत होतो, दार उघडंच होतं. आईनं रेकॉर्ड काढली आणि सगळ्यांसमोर उभी राहिली. "बायांनो, माहं चुकलं. हे भजन नव्हे. माणूस सोडून गेला म्हणून एक पोरगी रडून राहिली. मी तुम्हाले भलतंच सांगतलं. माफी करा. ज्याले ऐकायचं त्यानं बसा."

कुणी उठलं नाही. तारा काकूनं विचारलं, तुले कोणी सांगतलं होतं वं, हे भजन म्हणून?

"कोणी नाही," आई म्हणाली. "मलेच वाटलं."

आणि तिनं पिन ठेवली. मी आत कॉटवर बसून होतो. उठलो नाही.